एक मागे घ्या

ग्लेनिस म्हणाली, चाळीस. वर एकही नको.
मागच्या वर्षी डेरेकने मदिराचे दोनशे दाखवले
आणि तीन माणसं हॉलमध्येच घोरली.

आमच्याकडे ऑर्कनीचे अकराशे सहा.
जानेवारीभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप,
मी मेथी निवडावी तशी निवडत बसले,
आणि मेथीचं होतं तेच झालं,
देठांचाच ढीग मोठा.
सील सतरा. सतराही जण
भाडं थकल्यावर घरमालक बघतो तसे बघतायत.
एक ठेवला.
सूर्यास्त नऊ. अवधूतला नऊही वेगळे दिसतात.
मी म्हटलं, सूर्य मावळतो हे लोकांना माहीत आहे.
त्यावर तो दीड दिवस बोलला नाही,
आणि बोलला ते उभ्या दगडांच्या उंचीबद्दल:
आधी चार स्लाइड नकाशा, मग इतिहास,
मग वारा ताशी किती.
नमनालाच घडाभर तेल.
तो झोपल्यावर मी तेल काढून घेतलं.
पहिला ठेवला त्याचा हरवलेला हातमोजा,
कोण्या परक्याने कुंपणाच्या खांबावर नीट चढवलेला,
पाची बोटं वर.
दगड थांबतील. पाच हजार वर्षं थांबलेत.

फेब्रुवारीतला गुरुवार. ऑस्वेस्ट्री,
मेथडिस्ट चर्चमागचा हॉल.
हीटर एकाच बाजूचा चालू, म्हणून सगळे डावीकडे.
केबल बसेना. बसेपर्यंत निम्मी बिस्किटं संपली.
"मिसेस डॅल्वी," ग्लेनिस म्हणाली, आणि दिवे गेले.

हातमोजा हसवून गेला.
बोटीवरच्या कॅफेत अवधूत,
कप दोन्ही हातांनी धरलेला, चेहरा हिरवट,
त्याला चक्क टाळ्या.
मी मनात सहापर्यंत मोजायची आणि बटण दाबायची.
सूर्यास्त, एकच.
अवधूतने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग बाविसाच्या आणि तेविसाच्या मध्ये
जो नकोच होता तो आला.
धक्क्यावरचा लोखंडी खुंट, त्याला ओला दोर,
माझ्या बुटाचं टोक, आणि कोपऱ्यात गुलाबी धुकं,
म्हणजे माझंच बोट.
सॉरी म्हणून मी पुढे गेले.

"एक मागे घ्या."

मिस्टर प्रिचर्ड.
सहा वर्षांत त्यांच्या तोंडून
"दूध नको" एवढंच ऐकलेलं.

मी मागे घेतलं.
ते उठले, काठी खुर्चीलाच राहिली.
पडद्यापाशी जाऊन प्रकाशात शिरले
तसा खुंट त्यांच्या कार्डिगनवर चढला,
दोर खांद्यावरून कानापर्यंत.
"या खुंटाशी," ते म्हणाले, "दोन हिवाळे.
अंड्यांच्या पेट्या चढवायचो बोटीवर. एकोणीस वर्षांचा होतो.
एक अंडं फुटू दिलं नाही."
थांबले.
"एक पेटी. एक पेटी पडली."
मग, कोणीतरी विचारलं.
"मग आख्ख्या धक्क्याने ऑम्लेट खाल्लं."
तव्यापाशी कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही,
पण हात हवेत एकदा उलथन्यासारखा वळला.

डेरेकने विचारलं, दोर कसला असायचा.
मागच्या बाईंनी विचारलं, थंडीत झोपायचात कुठे.
हीटर सोडून सगळे उजवीकडे सरकले,
खुर्च्या ओढत, कप सांडत.
माझे अठरा लॅपटॉपमध्येच राहिले,
त्यात चाळिसावाही,
ज्याच्यासाठी मी आठवडाभर शेवट जुळवत होते.

परतताना गाडीत अवधूत म्हणाला,
चांगला होता तो, खुंटाचा. मी काढला ना?
नाही, म्हटलं. कोणीच नाही काढला.
फोन खिशात टाकताना बोट लागलं, एवढंच.
बराच वेळ नुसता वायपरचा आवाज.
मग तो:
दगडांची उंची तरी सांगायची होतीस.