कोरडं बोट

उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथ चालवली.
बोट एकदाच सापडलं, तेही अर्ध्या पेरावर भागलं,
कारण बंद करायचं बटण लालभडक होतं,
तळहाताएवढं,
डोळे मिटून थाप मारली तरी लागायचं.

आता छातीत दोन स्टेंट,
आणि माडीवर, जळक्या मोटारींच्या ढिगाशेजारी,
एका जागी बांधलेली सायकल.
डॉक्टर म्हणाले, शिकलगार, रस्ता नको,
रोज वीस मिनिटं, घरातल्या घरात.
नाजनीननं बेंगळुरूहून यंत्र धाडलं,
मोबाईलात अ‍ॅप घातलं,
म्हणाली, अब्बा, लई सोपं आहे.

सोपं आहे.
नाव विचारलं, दिलं.
वजन विचारलं, खरं सांगितलं.
मग विचारलं, सलग तासभर किती वॅट काढता?
आता मोटारीचं ठीक आहे, तिच्या अंगावर पाटी असते.
माझी पाटी कुठाय?
‘पुढे’ची कळ शोधत बसलो.
करड्यावर करडी, कीबोर्डच्या मागं दडलेली,
जणू उधारी मागायला आलोय मी.

तरी निघालो.
डोंगर परदेशी. दोन्ही कडेला बर्फ.
एक कुत्रं मागं लागत नाही,
एक ट्रॅक्टर कर्णा लावून उसासकट अंगावर येत नाही.
चढ सहा टक्के, असं लिहून येतं.
मी जोतिबाचा चढ टक्क्यांत कधी मोजला नाही.
केर्लीच्या पुढं महादू लोहार बोलायचा थांबला
की समजायचं, चढ लागला.

काचेवर आठ आकडे एकदम नाचतात.
सगळ्यांत मोठा आकडा कशाचा?
जगात माझा नंबर तीन हजार चारशे बारावा, त्याचा.
आणि छातीचे ठोके, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप,
ते खालच्या कोपऱ्यात,
मुंगीनं हिशेब लिहावा तसे.
चष्मा धुरकटतो.
चष्मा पुसावा तर हँडल सुटतं.

आणि घाम.
घामाचं बोट त्या काचेला कळतच नाही.
दाबलं, घसरलं, भलतंच उघडलं,
कुणी परका माणूस अंगठा दाखवून गेला.
काचेला कोरडं बोट लागतं,
आणि ज्याचं बोट कोरडं आहे
तो माणूस सायकलीवर बसलेलाच नाही, भावा.

परवा सतराव्या मिनिटाला दम लागला.
पाय थांबवले. डोकं हँडलवर टेकलं.
तेवढ्यात चित्र गोठलं आणि मधोमध अक्षरं आली:
तुम्ही आहात का?
दहा. नऊ. आठ.
‘हो’ची कळ हरभऱ्याएवढी.
मी लुंगीला बोट पुसलं. दाबलं. पुन्हा पुसलं.
चार. तीन.
शेवटी मोठ्यानं म्हटलं, आहे!
आहे की!

मी नाही असं धरून त्यानं दुकान बंद केलं.
सतरा मिनिटं कुठंच जमा नाहीत.

मेहरून पळत वर आली.
कुणाला सांगताय? कोण आहे?
मी नुसता मोबाईलकडं हात केला.
तिनं पदरानं काच पुसली, एकदा टेकवलं बोट,
आणि सगळा बर्फ, सगळा डोंगर परत हजर.
हे काय, दाबलं की होतंय, म्हणाली,
आणि माझ्या कपाळाला हात लावून बघत राहिली.

आज भंगारातनं जुन्या लेथचं बटण काढलं.
एक कडा उडालाय, लाल रंग शाबूत.
पट्टी वाकवून, दोन नट मारून हँडलला बसवलं,
उजव्या हाताशी, जिथं हात आपसूक जातो तिथं.
मेहरून विचारते, यानं काय बंद होतंय?

अजून तरी काही नाही. वायर कशालाच जोडलेली नाही.
पण चढाला डोळ्यांपुढं अंधारी आली
की तळहात तिथं जाऊन पडतो,
आणि खटका वाजतो.