हातचे नऊ

ग्रनोबलला दोन नद्या मिळतात
तिथे, जमिनीच्या अगदी चिंचोळ्या टोकावर आमची अणुभट्टी.
न्यूट्रॉन तिथून निघतात ते तापलेले, उतावळे.
त्यांना निववत निववत आम्ही इतकं हळू करतो
की एखादा पोरगा पळत जाऊन गाठेल.
मग बाटलीत.

बाटलीला झाकण नाही.
हे सांगितलं की पाहुणे हसतात.
पण इतकी हळू वस्तू उडी मारून मारून किती मारणार?
माझ्या छातीपर्यंत येते, आणि पडते.
स्वतःचं वजन हेच झाकण.

अणूच्या पोटात आहे तोवर न्यूट्रॉन चिरंजीव.
बाहेर पडला की पाव तास, तोही पुरता नाही.
आम्ही बाटली भरतो, थांबतो, उरलेले मोजतो:
आठशे अठ्ठ्याहत्तर सेकंद.
समुद्रापलीकडे ऑर्विलची माणसं
वाहत्या झोतात गेलेले मोजतात,
मागे पडलेला एकेक प्रोटॉन वेचून:
आठशे सत्त्याऐंशी.

उरलेले मोजा की गेलेले मोजा,
हिशेब एकच यायला हवा.
कुठल्याही गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत येतो.
इथे नऊ सेकंद हातचे राहतात,
आणि ते कुठे मिळवायचे, कोणाला माहीत नाही.

अकरा वर्षं सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.
बाटली म्हटली की गळती आली,
गळती म्हटली की मी.
‘पाणी कुठेतरी मुरतंय, मादाम राप्पा,’
प्रत्येक नवा संचालक म्हणाला, फार सौजन्याने.
मी आतून तेलाचा हात दिला. पुन्हा दिला.
झडप बदलली. झडपेची रिंग बदलली.
रिंग विकणारा बदलला.
मोजणी चालू असताना लिफ्टचे हादरे नकोत म्हणून
चार मजले जिन्याने चढत राहिले;
गुडघे त्यातच गेले.

वरच्या मजल्यावर तांक्रेद बसतो, सिद्धांतवाला.
त्याचं म्हणणं, गळती नाहीच.
शंभरातला एखादा न्यूट्रॉन जाताना प्रोटॉन ठेवून जात नाही,
अंधारातलं काहीतरी होतो,
ज्याचा माग कुठल्याच यंत्राला लागत नाही.
‘सुंदर आहे ना?’
मी म्हटलं, तुझ्या अंधाराला पाना लावावा लागत नाही.

या खेपेला आकडा झाकून ठेवला होता.
आपली इच्छा आपल्याच हातून गणितात मिसळू नये
म्हणून गिस्लेनने त्यात एक खोटी संख्या मिळवली,
ती चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात,
लिफाफा कपाटात, टोनरच्या खोक्यामागे.
दीड वर्ष आम्ही सगळ्यांनी
एका खोट्या आकड्याची निगा राखली.

गुरुवारी लिफाफा फोडला.
अक्रोडाचा केक आधीच कापलेला;
काहीही निघालं तरी खायचा, असं ठरलं होतं.
गिस्लेनने वजाबाकी फळ्यावर खडूने केली,
एकदा चुकली, बाहीने पुसली.
आठशे सत्त्याहत्तर, पुढे आठ दशांश.
कोणी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना सुचेना.

मी तुकडा हातात धरून उभी.
म्हणजे बाटली गळत नाही.
किंवा इतकी वर्षं इतकी नेमकी गळते
की त्या गळतीलाच नियम म्हणावं.
यातलं काय हवं होतं मला,
ते कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

रात्री ऑर्विलला फोन केला. त्याच्याकडे दुपार.
‘आमचा तोच,’ मी म्हटलं.
‘आमचाही,’ तो म्हणाला.
मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने विचारलं,
तुम्ही तेल कुठलं वापरता?
मी डब्यावरचा क्रमांक वाचून दाखवला.
पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला.
मग माझी पाळी:
तुमचे प्रोटॉन, ते सगळेच्या सगळे सापडतात नक्की?
एखादा निसटत असेल, कोपऱ्यातून?

तो खोकला की हसला, कळलं नाही.
म्हणाला, तेरा वर्षं मला
सगळे एवढंच विचारतात.