शुद्धिपत्र

दोन हजार प्रती बांधून झाल्या होत्या
शुक्रवार पेठेत, रसाळांच्या बाइंडिंगखान्यात.
गठ्ठ्यांना सुतळी लावायची तेवढी राहिली होती,
आणि तिकडे दिल्लीत, दिवसाच्या शेवटच्या दहा मिनिटांत,
नियम बदलला.

आवाजी मतदानानं.
‘होय’ म्हणणारे जास्त आहेत, असं पीठावरून ऐकू आलं, दोनदा.
मग खुर्च्या सरकल्याचे आवाज, घोषणा,
आणि टीव्हीवर फरशी पुसायच्या द्रावणाची जाहिरात.

बदल केवढा? एका क्रियापदाचा.
आधी होतं : सदस्याने मागणी केल्यास
अध्यक्ष मतविभाजन घेतील.
आता : घेऊ शकतील.

तेहतीस वर्षं मी मुद्रितं तपासते आहे.
ऱ्हस्व-दीर्घापायी सख्ख्या मावसभावाशी
अडीच वर्षं अबोला धरलेली बाई आहे मी.
पण ‘शक’ हा धातू इतका जड असतो
हे मला परवा कळलं.
सहायक क्रियापद म्हणतात त्याला. सहायक!
‘घेतील’मध्ये हात पुढे करावाच लागतो.
‘घेऊ शकतील’मध्ये तो खिशात राहिला तरी
व्याकरणाला काही म्हणता येत नाही.

रसाळ म्हणाले, शुद्धिपत्र छापू, चिकटवून टाकू.
मी म्हटलं, शुद्धिपत्र चुकीचं असतं.
इथे चूक कुठे होती?
मग दुरुस्तीपत्र म्हणा.
दुरुस्ती मोडलेल्याची करतात, रसाळ.
बरोबर होतं ते बदललं, याला काय म्हणायचं?
‘बाई,’ ते चष्म्यावरून बघत म्हणाले,
‘चिकटवायचंय. बारसं नाही करायचं.’

खळ शिजली. मोरचूद घातलेली, निळसर.
मालन आणि जुबेदा जमिनीवर बसून,
पान एकशे सत्तेचाळीस, ओळ नऊ,
ब्रश, पट्टी, अंगठा. ब्रश, पट्टी, अंगठा.
साडेतीनशेव्या प्रतीला मालन थांबली.
पट्टी खालीवर वाचली.
‘आमच्या बचत गटात पण असंच झालेलं.
आधी हिशेब दाखवायचा होता.
मग मागितला तर दाखवायचा झाला.
मग जी मागंल तिच्याकडंच
सगळ्या बघायला लागल्या.’
‘तू मागितलास?’
‘दोनदा,’ म्हणाली, आणि अंगठा दाबला.
जुबेदानं खळीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.

शनिवारी विश्वंभर आला. जिंतूरचा.
नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत पाच वर्षं
एकाच खुर्चीचं भाडं भरतो.
मागची पूर्वपरीक्षा सव्वा गुणानं गेली.
त्याच्याकडे पाचवी आवृत्ती, अप्पा बळवंत चौकातली,
आधीच्या मालकाच्या हिरव्या रेघांसकट.
‘मॅडम, उत्तर कोणतं धरायचं?’
पट्टीवरचं.
त्यानं पेन्सिलीनं खोडलं, वर लिहिलं,
ओठ हलवून तीनदा पाठ केलं :
घेऊ शकतील, घेऊ शकतील, घेऊ शकतील.
मग मान वर केली.
‘आणि नाही घेतलं तर?’

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.

‘ते अभ्यासक्रमात नाही,’ मी म्हटलं.
त्यानं मान डोलावली. वाईट वाटलं ते त्याचंच.
इतक्या सहज डोलावली.

प्रती गेल्या. नांदेड, लातूर, अकोला, जळगाव.
एक माझ्या टेबलावर आहे.
खळ वाळल्यावर ते पान थोडं फुगलं,
कितीही वजन ठेवा, बसत नाही.
पंखा लावला की पुस्तक आपोआप
एकशे सत्तेचाळीसवर उघडतं.
मी मिटते.
ते उघडतं.