मर्यादेपेक्षा जास्त

सेतू केंद्रातल्या लोमेशनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
नेट त्या दिवशी कधी नव्हे ते धावत होतं.
अर्ज नामंजूर. कारण :
कौटुंबिक उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.
'प्रिंट काढू का ताई?'
दहा रुपये होतात त्याचे.
मी म्हटलं, काढ.

जास्त.
आमच्या घरात हा शब्द
याआधी फक्त मिठाला लागला होता.

बाबा जळालेल्या मोटारी बांधतात.
चौरासात रब्बीच्या धानाला रात्रीची लाइन,
आणि सकाळी कोणाची ना कोणाची मोटार
सायकलच्या कॅरिअरवर निजून येते.
तांब्याची तार, लाकडी फर्मा, वार्निशचा वास,
ओठ हलवत मोजलेले वेढे :
एकशे बारा, एकशे तेरा.
मध्ये हाक मारली तर ओ देत नाहीत.
नागपुरात एमबीएला नंबर लागला, हेही त्यांनी
एकशे चाळीस झाल्यावर ऐकलं.
मग हात पुसले. पुन्हा पुसले.
'फी किती हाये?'

चार लाख दहा हजार, असं मी एका दमात म्हटलं,
म्हणजे कमी वाटेल.

समाजमंडळानं शाल दिली, नारळ दिला,
गुणवंतांच्या यादीत छापलं : कु. पोर्णिमा देवराम हटवार.
एक मात्रा त्यांनी ठेवून घेतली.
एका ट्रस्टला निबंध हवा होता,
'मी समाजाला काय परत देईन', शब्द पाचशे.
मी अजून काही घेतलंच नव्हतं.
बँकेतल्या साहेबांनी विचारलं, तारण काय?
मी गुणपत्रिका पुढं सरकवली.
त्यांनी ती न हसता परत केली,
एवढं त्यांचं चांगलंच म्हणायचं.

दाखल्यावर तो आकडा कसा आला
ते आईनं सांगितलं, लाखोरीची भाजी खुडताना,
वर न पाहता.
तलाठ्याकडे त्या दिवशी खुर्चीत बसला होता
बाबांचा शाळेतला सोबती, आता राइस मिलवाला.
'देवराम, वर्षाचं किती निघते गा तुयं?'
आजवर कोणी विचारलं नव्हतं.
बाबांनी घसा साफ केला :
'निघते ना जी. दोन-साठ.'

मर्यादा अडीच लाखांची.
खरं तर दोनलाही टेकत नाही.

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.
चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं,
'ते कागद आपून पुन्हा भरू शकतो का?'
'मार्चनंतर,' मी म्हटलं,
आणि ताटातलं वरण इतकं कालवलं
की भात दिसेना.
कॉलेजची मुदत शुक्रवारी संपली.
शनिवारी आमच्याकडे दोन मोटारी आल्या.

रविवारी मी उधारीची वही काढली.
वही कसली, जुनी कॅलेंडरं, मागची बाजू.
दीड एचपी, बाकी आठशे.
सबमर्सिबल, बाकी बाराशे, 'धान विकल्यावर'.
कोणत्या सालचं धान, ते लिहिलेलं नाही.
बेरीज एकेचाळीस हजार तीनशे.
पैकी नऊ हजार दोनशे, दोन वर्षांपासून,
राइस मिल.

यातून फी भरत नाही. बेरीज येते मला.
तरी दारात जाऊन उभी राहिले.
बाबा एकशे सहावर होते.
मी थांबले.
एकशे चाळीस.
'मी जाऊ का मिलवर, पैसे मागायला?'
'सोबती हाये तो माहा.'
'माहीत आहे.'
त्यांनी तार कापली. पक्कड शोधू लागले,
ती हातातच होती.
'सकाळी जाजो,' म्हणाले, 'दुपारी तो निजते.'

घरात कोरा कागद नव्हता.
लोमेशनं काढून दिलेली प्रिंट उलटी केली,
पट्टीनं रेघा मारल्या :
तारीख, काम, रक्कम, जमा, बाकी.
खाली सही. पौर्णिमा, मात्रेसकट.

उलटून वाचलं तर वाचो.