दोन सूत

बाथरूममध्ये नाही पडलो,
सांगून सांगून कंटाळलो सगळ्यांना.
गॅलरीत, स्टुलावर, ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवताना.
स्टूल मीच ठोकलेलं. ते डुगडुगलं नाही.
मी डुगडुगलो.

किसननगरच्या तिसऱ्या मजल्यावरून
चौघांनी खुर्चीत घालून खाली नेलं.
रक्त पातळ करायची गोळी चालू होती,
म्हणून दोन दिवस नुसता पडून.
उशीर बरा नव्हे, डॉक्टर म्हणाले,
आणि थांबले.

टेबलावर घ्यायच्या आधी विचारलं,
रॉड कुठल्या ग्रेडचा?
ते हसले.
म्हटलं, सदतीस वर्षं टर्नर होतो वागळे इस्टेटला.
जो जन्मभर लेथवर धरला
तो आता मला आतून धरणार.
ओळख तरी करून द्या.

तिसऱ्या रात्री वॉर्डात मशीन सुरू झालं.
छतातून कीस गळत होता, निळा, गरम.
कूलंट सोडा, कूलंट सोडा, मी ओरडलो
आणि सलाइनची नळी उपटली.
पोरीला म्हणे फोरमन समजून शिव्या दिल्या.
सकाळी नर्सने डोळ्यांवर चष्मा चढवला,
कानात मशीन घातलं, पडदा सारला,
वार सांगितला. गुरुवार.
तेवढ्याने कारखाना बंद झाला.

शेजारच्या खाटेवर हिराजी वैती, कोलशेतचे.
वय तेच, डॉक्टर तोच, खुबाही डावाच.
तीन मुलगे, तीन सुना, डब्यात कोलंबी.
माझी एकच मुलगी, डोंबिवलीहून
दोन उकडलेली अंडी घेऊन येणारी.
हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.
बाबा, तुम्ही फक्त आराम करा, मुलगे म्हणायचे.
पाणी ओठाशी, भांडं कुशीशी.
फिजिओ आली, मुंब्र्याची शगुफ्ता,
की वैती डोळे मिटून घेत.
मलाही मिटायचे होते.
पण ती माझी चादर ओढून म्हणायची,
चला काका, भोंगा झाला.

घरी आलो आणि उंबरा दिसला.
दीड इंच. चाळीस वर्षं दिसला नव्हता.
संडासापर्यंत अकरा पावलं.
मोजली, आणि पलंगावर बसून राहिलो.
कुमुद असती तर खेकसली असती.
खेकसायलाही घरात माणूस लागतं.
डायपर आणू का, मुलीने विचारलं,
माझ्याकडे न बघता.
आण म्हणालो.
हेही लिहून ठेवतो.

मग एका दुपारी वॉकर लंगडला.
माझ्याआधी.
उलटा करून पाहिला: एक पाय दोन सूत लांब,
भोकंच तिरकी पाडलेली.
कुणी पास केला हा जॉब?
पलंगाखालची पेटी काढायला लावली, पेटीतून कानस.
ओट्यावर वॉकर आडवा घातला,
रबर काढलं, घासत बसलो
असं वाटलं मला.
मुलगी चहा घेऊन दारात थांबली,
कपावर साय धरली तरी थांबलेलीच.
बसलेलो नव्हतो मी.

चौथ्या महिन्यात फोटो काढायला गेलो
तेव्हा वैतींचं विचारलं.
पाठ चिघळली, मग छाती भरली.
वाईट नव्हते हो मुलगे.
एकदा कोलंबी मलाही दिली होती,
उत्तम होती.

आता डावा पाय दोन सूत आखूड.
हाड सांधताना तेवढं खाली बसलं, डॉक्टर म्हणाले, चालतं.
आमच्याकडे नसतं चाललं.
लाल खडूची फुली मारून बाजूला.
नाक्यावरच्या चांभाराने टाचेत चामडं भरलं,
व्हर्निअर लावून पाहिलं मी,
त्याने पाहिलं माझ्याकडे.

रोज एकदा जिना उतरतो.
उतरताना मोडका पाय आधी, चढताना चांगला.
एकोणपन्नास पायऱ्या.
वर येताना तिसाव्या पायरीवर थांबतो,
खिडकीतून रस्ता बघतो.
दमलो म्हणून नाही, खालच्या पोरांना सांगतो.
दमलो म्हणूनच.