गिस्लेनचा डावा गुडघा

गिस्लेन एकोणपन्नास वर्षांची आहे.
आधीच सांगते, कारण पडद्यावर ते कुठेच येत नाही.

मॉन्ट्रियलला जानेवारीत सकाळी आठ वाजता
उजाडल्यासारखं करतं नुसतं.
ती बर्फाचे बूट दाराशी काढते,
मटारच्या सुपाचा डबा हीटरवर ठेवते
आणि काळ्या घट्ट सूटमध्ये शिरते.
अंगभर त्रेपन्न पांढरे मणी.
दोन्ही हात पसरून उभी राहते
वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी.
छतावरचे कॅमेरे मणी तेवढे बघतात,
बाई बघत नाहीत.
सुरुवातीला मला हे फार न्याय्य वाटलं होतं.

रेजां म्हणतो, चाल. चालते.
पड. पडते.
आता परत पड, पण जरा सुंदर.
भाला छातीत घुसलाय ना? ती विचारते.
हो, पण पाठीला कमान हवी.
जेवणाआधी ती अकरा वेळा मेली,
जेवणानंतर सात.
दर मरणानंतर उठताना
डाव्या गुडघ्यावर हात टेकते,
तेवढं कापतात.

कापते मीच.
तांदळातले खडे निवडावेत
तशी मी हालचाल निवडते.
गुडघ्याची कळ, खडा.
दम लागला की वर चढणारे खांदे, खडा.
शेवटी एक कमरेची पट्टी असते,
शून्यापासून शंभरपर्यंत सरकणारी.
पुरुष योद्ध्यांची अठरावर.
सेर्वाची ब्याऐंशीवर.
कुणी ठरवलं, विचारलं तर म्हणाले
फाइल जुनी आहे, मागच्या खेळातली.
त्यात ती त्याच्या मागच्या खेळातून आलेली.
म्हणजे घराण्याचा दागिनाच.

सेर्वाचं चिलखत पोटावर उघडं आहे.
मी म्हटलं, लढाई बर्फातली आहे,
थंडी वाजेल तिला.
रेजां मनाने चांगला आहे. त्याने विचार केला,
आणि तिच्या तोंडची वाफ वाढवली.

मग फेब्रुवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी,
पुलाजवळ सलगम विकणारी म्हातारी हवी होती.
तीन वाक्यं बोलणारी.
वेळ नाही, पैसे नाहीत, काहीही घाल म्हणाले.
मी टाकाऊचं फोल्डर उघडलं.
तिथं गिस्लेन होती,
दोन मरणांच्या मधली:
जागेवर परत जाताना पाय ओढणारी,
बाहीला नाक पुसणारी,
थांबून कुणाशी न बोलता हसणारी.
एकही खडा काढला नाही.
पट्टीला हात लावला नाही.

ऑक्टोबरमध्ये खेळ बाजारात आला.
गिस्लेनची माएल सोळाची,
चार रात्री सेर्वा होऊन लढली,
आईच्याच पायांनी धावली, आईच्याच कमरेने पडली,
ओळख म्हणून पटली नाही.
पाचव्या रात्री पुलाशी आली
आणि तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.
मामाँ, ही तू आहेस.

गिस्लेनने हे मला सांगितलं तेव्हा
ती सुपात पाव बुडवत होती.
मग तिने विचारलं,
त्या म्हातारीला मारता येतं का?

येतं, मी म्हटलं.
सगळ्यांनाच मारता येतं.
टोपली कलंडते, सलगम गडगडत नदीत जातात.
त्या गडगडण्यावर एका मुलाने दोन आठवडे घातलेत.

आणि मी? पाठीला कमान?

नाही. म्हातारी कशी मरते
ते कुणी मागितलंच नव्हतं.
ती खाली बसते, एवढंच.

गुडघ्यावर हात टेकून?

टेकून.

मग ठीक, म्हणाली,
आणि डब्याच्या तळाशी राहिलेले मटार
बोटाने पुसून खाल्ले.