‘व्हेन’नंतर ‘विल’ नको

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
दर गुरुवारी साडेसहाला हीटर खोकत सुरू होतो.
बाकांवर येऊन बसतात ते सगळे
दिवसभर हॅडकचे काटे काढून आलेले;
हात दोनदा धुतले तरी
वह्यांना वास लागतोच.
मी कोपऱ्यात. हजेरी मांडायला, झेरॉक्स वाटायला.

विनिफ्रेड ऑस्गर्बी, वय एकाहत्तर,
फळ्यावर उजवीकडे कलत्या अक्षरात लिहिते:
आज क्रियाविशेषण वाक्य.
म्हणजे असं वाक्य, ती म्हणते,
ज्याला कर्ता आहे, क्रियापदही आहे,
आणि तरी एकट्याने उभं राहता येत नाही.
लिथुआनियाची दायवा मान वर न करता म्हणते,
"माझ्या नवऱ्यासारखं."
हीटर क्षणभर खोकायचा थांबतो.

मला सवय जोडीची.
जर निघाला की मागून तर येतोच, चपला शोधत.
जेव्हाला तेव्हा, जरीला तरी, जोवरला तोवर.
इथे दुसरा येत नाही.
त्याच्या जागी एक स्वल्पविराम,
तोही गौण वाक्य पुढे बसलं तरच;
मागे बसलं तर बहुधा तेवढाही नाही.
"दिसेल तिथे टाकू नका," विनिफ्रेड बजावते,
"प्रत्येकाचे पैसे पडतात असं समजा."

तेस्फालेमने लिहिलंय:
ऑल्दो मी दमलोय, बट मी आलोय.
ती बटवर काट मारते.
"एका वाक्यात दोघं नकोत. एक निवड."
तो काटीकडे बघत राहतो.
"पण दमलोयही मीच, आलोयही मीच."
"हो रे बाबा," ती म्हणते, "तरी एकच."

झलमयच्या वहीत एवढंच:
बिकॉज माझा भाऊ. आणि पूर्णविराम.
ती लाल शाईत विचारते, क्रियापद कुठाय?
"क्रॉयडनच्या कचेरीतल्या बाईंनीही हेच विचारलं होतं," तो म्हणतो,
अगदी साधेपणाने, पत्ता सांगावा तसा.
"ते तिकडेच राहिलं."
विनिफ्रेड लाल पेनाला टोपण लावते.
त्या संध्याकाळी परत काढत नाही.

मग शिलान, शेवटच्या बाकावरची, मोठ्याने वाचते:
व्हेन माझी आई विल कम, मी भात टाकीन.
"व्हेननंतर विल नको. व्हेन आई कम्स.
गोष्ट उद्याची, क्रियापद आजचं."
"पण कागद अजून झाले नाहीत. ती येईल की नाही..."
"शंका असेल तर इफ लिही.
व्हेन म्हणजे येणारच, फक्त दिवस ठरायचाय."

शिलान रबर उचलते.
व्हेनवर टेकवते.
बराच वेळ.
मग फक्त विल खोडते,
आणि रबराचा चुरा फुंकून
झेरॉक्सवर, माझ्या बाजूला, उडवते.

मला तिला सांगायचं होतं,
आमच्या भाषेत तर आई येऊन पोचलेलीच असते:
आई आली की भात टाकीन.
आली. भूतकाळ. पिशवी खाली ठेवलेली.
पण हे इंग्रजीत कसं सांगायचं
ते जुळवेपर्यंत आठ वाजले.

खाली थांब्यावर हंबरवरून वारा येतोय,
मासळीचा, डिझेलचा.
गृहपाठ सगळ्यांना एकच: अंटिलचं वाक्य पूर्ण करा.
दायवा सिगारेट पेटवायला जाते, तीनदा विझते.
झलमय खिशात हात घालून गप्प.
तेस्फालेम रस्त्याकडे बघत, एकेक शब्द ठेवत जातो:
आय विल वेट हिअर अंटिल बस कम्स.

"द बस," विनिफ्रेड म्हणते,
आणि सरकून त्याला आडोशाला जागा देते.